संतशिरोमणी नामदेव महाराज : कच्च्या मडक्यापासून महाद्वाराच्या पायरीपर्यंत

श्री क्षेत्र औंढा नागनाथ हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक म्हणून भारतभर प्रसिद्ध आहे. येथे येणारा भाविक काही पायऱ्या उतरून भुयारातील गाभाऱ्यात जातो, नागनाथाच्या पिंडीवर बेल वाहतो आणि धन्य होतो. परंतु या क्षेत्राचे माहात्म्य केवळ ज्योतिर्लिंगापुरते मर्यादित नाही. शैव आणि वैष्णव या दोन प्रवाहांचा संगम याच ठिकाणी झाला. पंढरीच्या पांडुरंगाचा परमभक्त येथे शंकराच्या दारी आला, येथेच त्यास गुरू लाभले आणि येथेच त्याच्या मनातील मीपणाचा शेवट झाला, अशी वारकरी संप्रदायाची श्रद्धा आहे. हा भक्त म्हणजे संतशिरोमणी श्री नामदेव महाराज. येणाऱ्या यात्रेकरूंस या स्थानाचा पूर्ण अर्थ कळावा, यासाठी महाराजांचे चरित्र येथे थोडक्यात देत आहोत.

जन्म व बालपण

नामदेव महाराजांचा जन्म कार्तिक शुद्ध एकादशी, शके ११९२, म्हणजे २६ ऑक्टोबर १२७० रोजी झाला, असे परंपरा मानते. वडिलांचे नाव दामाशेटी व आईचे नाव गोणाई. कुटुंब शिंपी समाजाचे, आडनाव रेळेकर. या कुळाचे मूळ गाव नरसी बामणी. हे गाव आजच्या हिंगोली जिल्ह्यात कयाधू नदीच्या काठी आहे व ते नरसी नामदेव या नावाने ओळखले जाते. काही अभ्यासक जन्मस्थान पंढरपूर मानतात. महाराजांचे बालपण मात्र पंढरपुरात, विठ्ठलाच्या राउळाच्या सावलीत गेले, याविषयी सर्वांचे एकमत आहे.

बालपणीची नैवेद्याची कथा महाराष्ट्रातील घराघरांत सांगितली जाते. वडील परगावी गेले असता आईने लहान नाम्याच्या हाती नैवेद्याचे ताट देऊन त्यास देवळात पाठविले. मोठी माणसे नैवेद्य दाखवून परत आणतात, हे त्या बालकास ठाऊक नव्हते. देवाने जेवलेच पाहिजे, असा त्याने हट्ट धरला, आणि त्याच्या निष्पाप भावासाठी पांडुरंगाने नैवेद्य ग्रहण केला. तेव्हापासून देव नामदेवांशी बोलतो, त्यांच्याबरोबर जेवतो, अशी ख्याती पंढरीत पसरली.

ही ख्याती जशी भाग्याची होती, तशीच ती कसोटीचीही होती. देव आपला आहे या भावनेला, आपणच देवाचे आहोत या भावनेची जोड नकळत मिळाली. पांडुरंगाचे लाडके म्हणून लोक नमस्कार करू लागले. राजाईशी विवाह झाला, नारा, विठा, गोंदा, महादा हे पुत्र व लिंबाई ही कन्या झाली; परंतु प्रपंचात लक्ष नसल्याने घरी दारिद्र्य होते. आईची व पत्नीची बोलणी रोजच ऐकावी लागत. अशा स्थितीत नामदेवांचा सगळा आधार एका गोष्टीवर होता, तो म्हणजे विठ्ठलाजवळचे आपले स्थान. ते स्थान कोणी हिरावून घेईल, पंढरी सुटेल, ही धास्ती त्यांच्या मनाच्या तळाशी होती. बाहेरून जो अभिमान दिसत होता, त्याच्या आत हे भय दडलेले होते.

गोरोबाकाकांचे थापटणे

त्याच सुमारास आळंदीची निवृत्तिनाथ, ज्ञानेश्वर, सोपानदेव व मुक्ताबाई ही भावंडे आणि इतर संत यांचा मेळा जमू लागला. ज्ञानेश्वर महाराज नामदेवांपेक्षा पाच वर्षांनी लहान, तर मुक्ताबाई त्यांच्याहूनही लहान. अशाच एका प्रसंगी तेर येथील संत गोरोबाकाकांच्या घरी सर्व संत एकत्र आले होते, असे संतचरित्रे सांगतात. आलेल्या संतांस सर्वांनी वंदन केले. नामदेव मात्र आपल्या जागी बसून राहिले. आपण पांडुरंगाच्या सान्निध्यातील, आपण कोणापुढे का वाकावे, असा भाव त्यांच्या मनात होता. मुक्ताबाईंच्या ते ध्यानात आले.

गोरोबाकाका जातीचे व व्यवसायाचे कुंभार. मडके कच्चे की पक्के हे ओळखण्यासाठी कुंभार ते थापटण्याने ठोकून पाहतो. येथे जमलेली मडकी काकांनी तपासावीत, असे मुक्ताबाईंनी सुचविले. काकांनी थापटणे हाती घेतले आणि एकेका संताच्या मस्तकावर ते हळूच ठोकीत निघाले. सर्व संत शांतपणे बसून राहिले. नामदेवांची पाळी येताच मात्र त्यांना तो घोर अपमान वाटला. ते रागावले, उठून बसले, बोलू लागले. काकांनी निर्णय दिला की एवढे एक मडके कच्चे आहे.

वार तसा हलकाच होता. इतर संतांच्या मस्तकांवरही तोच बसला होता. लागला तो मनाला, कारण मनच उघडे होते. ज्याला स्वतःच्या जागेविषयी शंका नसते, त्याला कोणी तपासून पाहिले तर राग येत नाही. नामदेवांना राग आला, यातच त्यांच्या मनातील डळमळीतपणा प्रकट झाला.

दुखावलेले नामदेव थेट पंढरपुरास गेले आणि त्यांनी पांडुरंगापुढे गाऱ्हाणे मांडले. देव आपली बाजू घेईल, अशी त्यांची खात्री होती. परंतु देवानेही संतांच्याच निर्णयाला दुजोरा दिला. गुरूवाचून तू अजून अपुरा आहेस, तेव्हा औंढ्यास जाऊन विसोबा खेचरांना शरण जा, अशी आज्ञा झाली. ज्या एका आधारावर सारे आयुष्य उभे होते, त्याच आधाराने नामदेवांना दूर पाठविले. पंढरी सोडण्याची जी धास्ती होती, तीच आता समोर उभी राहिली.

औंढ्याची वाट

नामदेवांपुढे दोन मार्ग होते. पंढरीत राहावे आणि आपल्याच भक्तमंडळींत मान मिळवीत राहावे, हा एक. अपुरेपणा मान्य करून अनोळखी गुरूच्या दारी जावे, हा दुसरा. त्यांनी दुसरा मार्ग स्वीकारला. त्यांच्या चरित्रात पुढे अनेक चमत्कार सांगितले जातात. परंतु मनाने पराभव मान्य करून टाकलेले हे पाऊल त्या सर्वांहून मोठे आहे.

औंढ्याच्या मंदिरात येऊन पाहतात तो एक वृद्ध पुरुष शिवपिंडीवर पाय ठेवून निजलेला. नामदेवांना ते सहन झाले नाही. देवावर पाय ठेवणाऱ्याकडून आपण काय शिकणार, असे त्यांना वाटले. त्यांनी त्या पुरुषास पाय काढण्यास सांगितले. वृद्धाने अशक्तपणाचे निमित्त करून, जेथे देव नसेल तेथे माझे पाय उचलून ठेव, असे त्यांनाच सुचविले. नामदेवांनी पाय उचलून दुसरीकडे ठेवले, तर तेथे पिंडी प्रकटली. तिसरीकडे ठेवले, तर तेथेही तेच. जेथे जेथे पाय ठेवावेत तेथे तेथे पिंडी दिसू लागली, तेव्हा नामदेवांना उमगले की जो देव आपण पंढरीतच आहे असे मानीत होतो, तो सर्वत्र भरलेला आहे. देव सर्वत्र असेल, तर त्याच्याजवळची जागा कोणी हिरावून घेऊ शकत नाही, आणि ती आपल्या एकट्याची आहे असेही कोणी म्हणू शकत नाही. भय व अभिमान हे दोन्ही एकाच क्षणी गळून पडले. नामदेवांनी विसोबांचे चरण धरले.

हे विसोबा कोण, हेही भाविकांनी जाणून घेण्याजोगे आहे. परंपरेनुसार हेच पूर्वी ज्ञानेश्वरादी भावंडांचा छळ करणारे विसोबा. मुक्ताबाईंना मांडे भाजण्यासाठी खापर मिळू नये, म्हणून त्यांनी कुंभारांना बजावले होते. तेव्हा ज्ञानेश्वर महाराजांनी योगबळाने आपली पाठ तप्त केली आणि त्या पाठीवर मुक्ताबाईंनी मांडे भाजले. ते पाहून विसोबांचा गर्व गळाला आणि ज्या मुलांना त्यांनी छळले, त्यांचाच उच्छिष्ट प्रसाद त्यांनी भक्तिभावाने घेतला. ज्याने स्वतः अहंकाराचा दाह भोगला व तो टाकून दिला, असाच गुरू पांडुरंगाने नामदेवांसाठी निवडला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

मंदिराच्या मागील बाजूस

औंढ्याची दुसरी कथा नामदेवांच्या परिवर्तनाची साक्ष देते. एकदा ते नागनाथाच्या समोर कीर्तन करीत होते. श्रोत्यांची दाटी झाली. आत जाण्यास अडथळा होतो म्हणून काही मंडळी संतापली आणि शिंप्याच्या पोराने येथे उभे राहू नये, असे म्हणून त्यांनी महाराजांना तेथून उठविले. नामदेवांनी वाद केला नाही. ते मंदिराच्या मागील बाजूस गेले आणि तेथे उभे राहून त्यांनी कीर्तन पुढे चालू ठेवले. तेव्हा देवानेच आपले मुख भक्ताकडे वळविले, मंदिर फिरले, अशी श्रद्धा आहे. नंदी नेहमीप्रमाणे देवासमोर न राहता मागील बाजूस का आहे, याचे कारण सांगताना आजही हीच कथा सांगतात. मंदिरातून उठविले जाण्याचा व मंदिर फिरल्याचा उल्लेख शिखांच्या पवित्र ग्रंथात समाविष्ट असलेल्या नामदेवांच्या पदांतही आहे.

तेर येथील नामदेव आणि हे नामदेव यांत किती अंतर आहे, ते पाहावे. तेथे प्रेमाने ठोकलेल्या थापटण्याने ते उसळले होते. येथे जातीवरून झालेला खरा अपमान त्यांनी गिळला आणि हातातील कार्य सोडले नाही. मडके आता पक्के भाजून निघाले होते.

तीर्थयात्रा व आळंदीचा वियोग

ज्ञानेश्वर महाराजांनी नामदेवांना आपल्याबरोबर तीर्थयात्रेस नेले. हा प्रवास गुरुप्राप्तीच्या आधीचा की नंतरचा, याविषयी चरित्रांत भेद आहे. पंढरी सोडून जाण्यास नामदेवांचे मन तयार नव्हते आणि वाटेतही ते विठ्ठलाच्या आठवणीने व्याकुळ होत, असे तीर्थावळीच्या अभंगांतून दिसते. ज्ञानाचा आणि भक्तीचा हा सहप्रवास पुढे साऱ्या संप्रदायाचा पाया ठरला.

कार्तिक वद्य त्रयोदशी, शके १२१८, म्हणजे सन १२९६ मध्ये ज्ञानेश्वर महाराजांनी आळंदी येथे संजीवन समाधी घेतली. त्यानंतर अल्पावधीतच इतर तिन्ही भावंडेही गेली. नामदेवांनी या वियोगाचे वर्णन करणारे अभंग रचले. आदी, तीर्थावळी आणि समाधी ही त्यांची तीन प्रकरणे ज्ञानेश्वरादी भावंडांच्या चरित्राचे आद्य साधन मानली जातात. ज्या संतांपुढे वाकण्यास त्यांचे मन एकेकाळी तयार नव्हते, त्यांचेच चरित्र जगापुढे ठेवण्याचे काम त्यांनी केले.

संप्रदायाचे नेतृत्व

ज्ञानेश्वर महाराज गेले तेव्हा नामदेव सव्वीस वर्षांचे होते. संप्रदायाची धुरा त्यांच्या खांद्यावर आली आणि पुढे सुमारे चोपन्न वर्षे त्यांनी ती वाहिली. वारकरी परंपरेतील कीर्तनाचे ते आद्य प्रवर्तक मानले जातात. कीर्तनाचे साधन त्यांनी निवडले, यास विशेष अर्थ आहे. ग्रंथ वाचण्यास अक्षरओळख लागते, यज्ञयागास अधिकार लागतो. कीर्तनास केवळ उभे राहणारे पाय, टाळी वाजविणारे हात आणि ऐकणारे कान पुरतात. चंद्रभागेच्या वाळवंटात कोणीही यावे आणि गावे, अशी मोकळी जागा त्यांनी निर्माण केली.

त्यांच्या भोवतीच्या मेळ्यात निरनिराळ्या जातींचे व व्यवसायांचे संत होते. गंगाखेडची जनाबाई लहानपणीच दामाशेटींच्या घरी दासी म्हणून आली. घरकाम करता करता ती अभंग रचू लागली आणि नामदेवांच्या घराने तिला संतपदास पोहोचलेली पाहिले. आई, पत्नी, मुले व सुना यांच्या नावांवरही अभंगरचना आहे. शतकोटी अभंगांचा संकल्प केल्यावर नामदेवांनी तो घरातील सर्वांस वाटून दिला, अशी कथा आहे. कर्तृत्वाची हाव धरणारा माणूस संकल्प स्वतःच्या नावावर राखतो. नामदेवांनी तो वाटला आणि उरलेला भाग मागे ठेवून ते गेले. पुढे सुमारे तीन शतकांनी देहूच्या तुकाराम महाराजांना स्वप्नात पांडुरंगासह नामदेवांनीच दर्शन देऊन राहिलेले काम पूर्ण करण्यास सांगितले, असे वारकरी मानतात. आज नामदेव गाथेत दोन हजारांहून अधिक अभंग असून, त्यांत विष्णुदास नामा यांच्यासारख्या नंतरच्या कवींच्या रचनाही मिसळल्या आहेत.

मंगळवेढ्याची हाडे

या नेतृत्वाची सर्वांत कठीण परीक्षा शके १२६०, म्हणजे सन १३३८ मध्ये झाली. मंगळवेढ्याचे संत चोखामेळा हे महार समाजातील. त्यांना विठ्ठलाच्या मंदिरात प्रवेश नव्हता. नामदेवांना ते आपले गुरू मानीत. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असता कूस कोसळले आणि त्याखाली मजुरांसह चोखोबा गाडले गेले. त्या ढिगाऱ्यातील मजुरांची ओळख पटविण्याची कोणास गरज वाटली नसती. परंतु नामदेव, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, स्वतः मंगळवेढ्यास गेले. ज्या हाडांतून विठ्ठलनामाचा ध्वनी आला ती चोखोबांची, असे ओळखून त्यांनी त्या अस्थी गोळा केल्या व पंढरपुरास आणल्या. मंदिराच्या महाद्वारासमोर त्यांनी चोखोबांची समाधी बांधली.

जिवंतपणी ज्याला दाराच्या आत घेता आले नाही, त्याला त्यांनी दारासमोर कायमचे स्थान दिले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या भक्तांना विठ्ठल मंदिरात प्रवेश मिळण्यास मात्र सन १९४७ उजाडावे लागले. त्यासाठी साने गुरुजींना पंढरपुरात उपोषण करावे लागले. नामदेवांच्या कृतीपुढे समाज किती मागे राहिला होता, हे यावरून दिसते.

पंजाबातील कार्य

पंढरी सोडण्यास भिणारा हा भक्त पुढे थेट पंजाबपर्यंत गेला. गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे त्यांचे दीर्घकाळ वास्तव्य होते आणि तेथील भाविक त्यांची समाधी घुमान येथेच असल्याचे मानतात. अनोळखी प्रांतात, अनोळखी भाषेत त्यांनी नामभक्तीचा प्रसार केला. सन १६०४ मध्ये गुरू अर्जुनदेव यांनी संकलित केलेल्या ग्रंथात, म्हणजे आजच्या गुरू ग्रंथ साहिबात, नामदेवांची ६१ पदे आहेत. नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाराच्या दर्शनास येणारे अनेक शीख भाविक नरसी नामदेव येथेही आवर्जून जातात. सन २०१५ मध्ये ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमान येथे भरले आणि महाराष्ट्र व पंजाब यांचा हा सातशे वर्षांचा ऋणानुबंध पुन्हा उजळला.

महाद्वाराची पायरी

महाराष्ट्राच्या परंपरेनुसार आषाढ वद्य त्रयोदशी, शके १२७२, म्हणजे सन १३५० मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी नामदेव महाराजांनी पंढरपूर येथे समाधी घेतली. आपले स्थान त्यांनी मंदिराच्या पायरीशी मागितले, कारण दर्शनास येणाऱ्या संतांची चरणधूळ आपल्या मस्तकी लागावी, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यांच्या परिवारातील मंडळींनीही त्यांच्याबरोबर तेथेच समाधी घेतली, असे सांगतात. ती पायरी आज नामदेव पायरी म्हणून प्रसिद्ध आहे. वारकरी प्रथम त्या पायरीवर मस्तक टेकतो आणि मगच विठ्ठलाच्या भेटीस आत जातो. तिच्यासमोरच चोखोबांची समाधी आहे.

तरुणपणी ज्या मस्तकाला कुंभाराचे थापटणे सोसले नाही, तेच मस्तक त्यांनी अखेरीस भक्तांच्या पायांखाली ठेवले. हा प्रवास पूर्ण झाला तो औंढ्याच्या या गाभाऱ्यातून गेल्यामुळे.

भाविकांसाठी

नागनाथाच्या गाभाऱ्यात उतरताना प्रत्येकालाच मस्तक लववून आत जावे लागते. येथे येणारे कोणी घरचे कर्ते असतात, कोणी गावचे पुढारी, कोणी संस्थांचे चालक, तर कोणी धर्मकार्यासाठी सढळ हाताने दान देणारे. आपल्या जागेची काळजी आणि आपल्या नावाचा अभिमान थोडाबहुत सर्वांच्याच मनात असतो. दिलेल्या देणगीबरोबर तो अभिमानही देवापाशी ठेवता आला, तर दान पूर्ण झाले असे समजावे. दर्शनानंतर मंदिराच्या मागील बाजूस जावे, जेथे नामदेव महाराज उभे राहून गायिले तेथे क्षणभर थांबावे आणि आपले मडके कच्चे की पक्के, हे ज्याचे त्याने तपासून पाहावे. सवड असल्यास नरसी नामदेव येथेही जाऊन महाराजांच्या जन्मभूमीचे दर्शन घ्यावे.

श्री नागनाथ व श्री पांडुरंग सर्व भाविकांचे कल्याण करोत.